टाळ्या ऐकू येतात, माणूस नाही

मी क्वालिटीत आहे. म्हणजे महाळुंग्याच्या एका कंपनीत लाईनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा, बसला तर हिरवा स्टिकर, नाही बसला तर लाल. अठरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे घरात, बाजारात, कुठंही एक वस्तू दुसरीत नीट बसली की माझं मन आपोआप म्हणतं, 'ओके, पुढे.' या सवयीनं माझं आजवर बरंच भलं केलंय, पण त्या आठवड्यात तिनं मला पार येड्यात काढलं.

सुरुवात एका गोणीपासून झाली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या युनियनची पिंपरीतली खोली रिकामी करायची होती. कमिटीतले बाकीचे एकतर गावाकडे गेलेले, नाहीतर वरच गेलेले. जवळ राहणारे एकटे अण्णा उरले, म्हणून गोणी आमच्या दारात येऊन पडली. आत झेंडे, पिवळी पडलेली पत्रकं, एक टू-इन-वन आणि सात-आठ कॅसेटी. टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला तो लांबुळका डबा, दोन टोकांना दोन स्पीकर, त्यांच्याशेजारी दोन बारीक माइक, वर धरायला दांडी. गेट मीटिंगला तो टेबलावर मांडून भाषणं भरून घ्यायचे. अण्णांनी एकेक कॅसेट चष्म्याला चिकटवून वाचली, आणि एक हातात आल्यावर तिथंच खाली बसले.

"घावली," म्हणाले. "बाई, घावली. आता त्याला ऐकीवतोच."

'त्याला' म्हणजे शेजारच्या काकांना. हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अण्णा आणि काका साताऱ्याकडच्या एकाच गावचे. अण्णा आधी पिंपरीत आले, एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पर्मनंट झाले, मग त्यांनीच काकांना बोलावून तिथं टेंपररी म्हणून चिकटवलं. चिखलीला कामगारांच्या सोसायटीत दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले, आणि विटा वाचतात म्हणून मधली भिंत एकच बांधली. मग कंपनीनं एक दिवस सगळ्या टेंपररी लोकांना काढलं. युनियननं काम बंद केलं. काही दिवसांनी गेटवर मीटिंग झाली, अण्णांनी भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी पर्मनंट लोक आत गेले. टेंपररी बाहेर राहिले ते कायमचेच. त्यांत काका.

आता भांडण काय, तर काका म्हणायचे, "ह्यानंच गेटवर सांगितलं, पर्मनंटनी आत जावा." आणि अण्णा म्हणायचे, "म्या बोल्लो, सगळे आत, न्हाईतर कुनीबी न्हाई. मानसं फुटली त्याला म्या काय करू?" एवढंच भांडण, आणि त्यावरून तीसेक वर्षं अबोला. काकांनी त्यांच्या बाजूनं खिळा ठोकला तर आमच्याकडचं कॅलेंडर हलायचं, पण तोंडातून शब्द नाही. आईनं दिवाळीचं ताट अंगणाच्या कुंपणावरून दिलं तर तसंच झाकलेलं परत यायचं.

सोसायटीनं खरं कुणाचं मानलं? अण्णांचं. अण्णा बोलायला वाघ, चार माणसांत बसणारे, गणपतीचे अध्यक्ष. काका आधीच कमी बोलणारे, आणि नोकरी गेल्यावर अजूनच मिटून गेलेले. मीही अण्णांचंच मानलं. ते भाषण मला पाठ होतं, अण्णा जेवताना म्हणून दाखवायचे. काकांना मी आयुष्यभर मनातल्या मनात 'खोटारडा म्हातारा' म्हणत आले, ते म्हातारे व्हायच्याही आधीपासून.

आणि आता काका निघाले होते. काकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगा नाशिकला. घर विकलं होतं, पुढच्या रविवारी टेंपो येणार होता. अण्णांना एकच ध्यास लागला. टेंपो यायच्या आत काकांना ही कॅसेट ऐकवायची आणि त्यांच्या तोंडून 'मी चुकलो' वदवून घ्यायचं. मी म्हटलं, "अण्णा, आता कशाला उकरता?" तर म्हणाले, "आगं, त्यो जाईल नाशकाला आन मरंस्तोवर मला फितूर म्हनंल. म्या फितूर हाय का?" त्यांचा आवाज असा फाटला की मी फडकं घेऊन टू-इन-वनवरची धूळ पुसायला लागले.

हा दिवस गुरुवारचा. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, रविवार आमचा नव्हेच. म्हणजे माझ्या हातात मधले कामाचे दिवस आणि पुढचा एक गुरुवार.

टू-इन-वनला वीज दिली तर आतलं चाक फिरेना. रबरी पट्टा सैल झालेला होता. तो देहूरोडच्या एका जुन्या रिपेअरवाल्याकडून बदलून आणला. तो म्हणाला, "मशिन ठणठणीत आहे, पण स्पीकर उंदरांनी खाल्लेत, ते आता मिळायचे नाहीत. इयरफोन लावून ऐका." ते एका परीनं बरंच झालं. अण्णा आणि काका दोघांचेही कान प्रेसशॉपमधल्या मशिनींच्या दणदणाटानं खाल्लेले, स्पीकर असता तरी त्यांना कानात कोंबूनच ऐकवावं लागलं असतं.

आता इयरफोन. माझ्या मोबाईलला पिनेचं भोकच नाही, आणि माझ्या लेकीचे ते बिनवायरीचे, कानात घालायचे दोन दाणे. म्हणून वायरचे नवे विकत आणले, गळ्याशी बोलायचा माइक आणि त्यावर छोटं बटण असलेले. खोक्यावर लिहिलेलं, पिन साडेतीन मिलिमीटर. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, जाडी मोजायचा व्हर्निअर असतो. मी पिन मोजली, साडेतीन. भोकही तेवढंच. पिन घातली, 'टक' करून शेवटपर्यंत गेली. ओके, पुढे.

अण्णांनी इयरफोन कानात घातले, कॅसेट लावली. चेहरा उजळला. "घोषणा!" ते ओरडले, कारण कानात काही घातलं की माणूस ओरडूनच बोलतो. "घोषणा यायला लागल्या! ह्यो बघ, ह्यो गेटवरचा भोंगा!" मग थोडं थांबले. कपाळावर आठी आली. "आता म्या उठलो. आता... आता बोलायला पायजे म्या." परत थांबले. "टाळ्या पडल्या बाई! पन मी कुटं हाय?"

मी एक बाजू माझ्या कानात घातली. खरंच, अजब प्रकार. गर्दीची कुजबुज होती, कुणाचा खोकला होता, मागून ट्रक गेलेला कळत होता. आणि मधोमध, जिथं भाषण असायला हवं, तिथं टाकीत तोंड घालून कुणीतरी पुटपुटावं तसं काहीतरी, एक शब्द लागेल तर शपथ. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट. मग परत ते पुटपुटणं.

"पुसलंय," अण्णा म्हणाले. "कुनीतरी मला पुसलंय."

"कुणी?"

"कंपनीनं. न्हाईतर त्यानंच." भिंतीकडे बोट.

मी क्वालिटीतली बाई. म्हटलं, "अण्णा, टेप पुसली तर सगळंच पुसलं जातं. माणूस पुसला आणि टाळ्या ठेवल्या, असं कसं होईल? एकाच पट्टीवर आहे ना सगळं?"

"त्ये मला काय म्हाईत? तू शिकलेली हायस."

शिकलेली होते म्हणूनच डोक्याचं भजं झालं. गोणीतली दुसरी कॅसेट काढली, तिच्यावर नुसतं 'गाणी' लिहिलेलं. लावली. तबला वाजला, व्हायोलिनं वाजली, बासरी वाजली, आणि गाणारा आलाच नाही. कडवं संपलं, परत बासरी आली, परत गाणारा नाही. लग्नात नवराच यायचा राहिला आणि वाजंत्री वाजतेय, असलं काहीतरी. अण्णांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ह्यालाबी पुसला?"

"अहो, याला कशाला कोण पुसेल?"

"मंग?"

मंग! मला काय कळत होतं, मंग काय ते. एवढं मात्र कळलं की दोष कॅसेटचा नाही. मग मी टेपच्या हेडवर स्पिरिट लावून कापसानं पुसलं. काही फरक नाही. हेडशेजारी एक बारीक स्क्रू होता, तो पाव फेरा फिरवला, तर बासरीसुद्धा घोगरी झाली. परत पाव फेरा उलटा. पिन परत मोजली. साडेतीन. भोकात खेळ नाही, ढिली नाही, वाकडी नाही. माझ्या लाईनवर असती तर डोळे झाकून हिरवा स्टिकर लावला असता. म्हणजे पिन बरोबर, मशिन बरोबर, कॅसेट बरोबर, आणि माणूस गायब. सगळे पार्ट ओके आणि गाडी चालू होत नाही, तेव्हा क्वालिटीवाल्याची जी अवस्था होते ती माझी झाली. चिडचिड सगळी स्वयंपाकघरात निघाली, दोन दिवस आमटी खारट.

अण्णांनी मात्र तोवर स्वतःचा उपाय काढला होता. ते कॅसेट लावायचे, आणि भाषणाची जागा आली की उठून उभे राहून स्वतःच म्हणायचे. "मित्रांनो! आज टेंपररी पोरांवर आलीय, उद्या आपल्यावर ईल! सगळे आत, न्हाईतर कुनीबी न्हाई!" आणि हात वर करून टाळ्यांची वाट बघायचे. टाळ्या जरा उशिरानं यायच्या. तोवर तो हात तसाच वर. आल्या की मान डोलवायचे, "बघ, ह्यावरच पडल्या हुत्या." एकाहत्तर वर्षांचा माणूस, कानात गुलाबी इयरफोन, लुंगीवर उभा राहून हॉलमध्ये भाषण करतोय. मला हसू यायचं आणि मग हसू आल्याची लाजही वाटायची.

सोमवारी सकाळी कामावर निघायच्या आधी इयरफोन घालून मी परत ऐकत होते, तर चुकून वायरीत माझा पाय अडकला. पिन अर्धी बाहेर आली, आणि एका कानात लख्ख ऐकू आलं, "...मित्रांनो..." आवाज अण्णांचा! मी दचकून पिन परत आत ढकलली, तर परत टाकी. अर्धी बाहेर काढली, परत माणूस. पण एकाच कानात, आणि जरा हात हलला की खर्रर्र.

आयला, म्हणजे नीट बसली की ऐकू येत नाही, आणि नीट नाही बसली की ऐकू येतं? हे मला पटेचना. अठरा वर्षांत असला पार्ट मी पाहिला नव्हता. दिवसभर लाईनवर उभी राहून तेच डोक्यात. टूलरूममधून नायलॉनची एक चकती मागून घेतली, पिनेला घातली, म्हणजे पिन तेवढीच बाहेर राहील. घरी आल्यावर लावून पाहिली. एका कानात दोन शब्द, मग खर्रर्र, मग काहीच नाही. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, तुला जमायचं न्हाई." जमायचं नाही म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी मी आमच्या मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. तळवड्याचा, तिथलाच मूळ गावकरी, प्लांटमधली कुठलीही मशिन बंद पडली की आधी तिला दोन शिव्या देणार आणि मग चालू करणार. कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर इयरफोन ठेवले आणि सगळी कर्मकथा सांगितली. माझी चकती पाहून तो आधी पोटभर हसला.

"मॅडम, तुमी पिन मोजली. पट्ट्या मोजल्या का?"

"कसल्या पट्ट्या?"

त्यानं पिन माझ्या डोळ्यांपुढं धरली. सोनेरी पिनेवर बारीक काळ्या पट्ट्या होत्या. मोजल्या. तीन.

"जुन्या पिनेवर दोन असत्यात. दोन पट्ट्या म्हणजे तीन भाग. डावा कान, उजवा कान, आणि दोघांची परतीची वायर. तुमच्या ह्या पिनेवर तीन पट्ट्या, म्हणजे चार भाग. शेवटचा भाग माइकचा. जुनी मशिन परतीची वायर शोधाया जाती, आणि तिचा हात पडतो माइकवर. परतीची वायर घावतच न्हाई. मग दोन्ही कान एकमेकाला जोडले जातात, आणि दोन्हीकडं जे सारखं असंल ते एकमेकाला खातं. फरक असंल तेवढा उरतो."

"परत सांगा," मी म्हटलं. त्यानं चहाचे दोन कप घेतले, मध्ये मिठाची बाटली ठेवली. "हे बगा. गाणारा मधोमध, दोन्हीकडं सारखा, तो गेला. तबला एकीकडं, बासरी एकीकडं, ते राहिले. तुमचे वडील मशिनच्या समोर उभे असणार, दोन्ही माइकला सारखेच. ते गेले. टाळ्या चारी अंगांनी आल्या, त्या राहिल्या."

"म्हणजे कॅसेटमध्ये सगळं आहे?"

"सगळं हाय. दोन पट्ट्यांची पिन घ्या, न्हाईतर हे माइकचं बटन दाबून धरा. बटन दाबलं की माइकची वायर परतीच्या वायरला चिकटती. काम झालं."

खरं सांगते, यातलं अर्धंच मला कळलं. जे दोन्हीकडे सारखं तेच नाहीसं व्हावं, हे अजूनही माझ्या गळी उतरत नाही. पण दोन पट्ट्या हे कळलं. कंपनीच्या बसमधून चिखलीला उतरून तीन दुकानं फिरले. तिन्ही ठिकाणी पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंदील मागतेय. "विदाउट माइक? ते आता कोण घेतं, काकू?" काकू म्हटल्यावर मी काढता पाय घेतला.

मग गुरुवार उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास मी बाल्कनीतला कपड्यांचा चिमटा आणला आणि माइकच्या बटणावर लावला. बटण दाबलेलं राहिलं. 'गाणी' लिहिलेली कॅसेट घातली, आणि बासरीनंतर गाणारा आला! दोन्ही कानांत, भरघोस, असा की मी एकटीच टाळी वाजवली. "अण्णा, आला! माणूस आला!"

अण्णांनी ऐकलं, तडक उठले, शर्ट घातला आणि चपला घालून शेजारी गेले. तीस वर्षांनी. मी खिडकीतून पाहिलं, त्यांनी काकांच्या दाराची कडी वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

तेवढ्यात मी गेटची कॅसेट घातली. म्हटलं, ते येईपर्यंत भाषणाच्या जागेवर आणून ठेवावी. घोषणा गेल्या, भोंगा गेला. मग अण्णा बोलायला लागले. तरुण, खणखणीत, आता त्यांच्याकडे नाही असा आवाज.

"मित्रांनो, भावनेनं पोट भरत न्हाई. उद्या पयल्या पाळीला पर्मनंट मानसांनी आत जायाचं. टेंपररी पोरांचं आपन मागनं बघू. आज आपली घरं वाचवा."

आणि टाळ्या. त्याच, आठवडाभर ऐकत होते त्याच.

मला वाटलं, चुकून ऐकलं. मागं घेऊन परत लावली. परत तेच. तिसऱ्यांदा लावली. एकेक शब्द स्वच्छ. आठवडाभर काही कळत नव्हतं म्हणून जीव नकोसा झाला होता, आणि आता सगळं कळलं तर वाटलं, देवा, ते न कळणंच परत दे.  बाहेर दोघांच्या चपला वाजल्या. मी चिमटा काढला आणि मुठीत धरला. बापाची बाजू घेतली, दुसरं काय.

काका आमच्या उंबऱ्याच्या आत आले ते मी सहावीत असताना शेवटचे. खुर्चीच्या कडेवर टेकले. मशिनकडे पाहून म्हणाले, "ह्यो त्योच न्हवं?" अण्णा म्हणाले, "त्योच." मी एक दाणा अण्णांच्या कानात दिला, एक काकांच्या. वायर आखूड, म्हणून दोघांना डोकी जवळ आणावी लागली. मी मशिनचं बटण दाबलं आणि टेप फिरायला लागली.

दोघं ऐकत होते. मग अण्णांची आठी चढली. "आगं, परत तसंच! मगाशी तर आला म्हनालीस!"

मी म्हटलं, "मशिन जुनी आहे अण्णा, काय भरवसा तिचा." माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी कानातला दाणा काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. रागावले नाहीत. "मला वाटलंच हुतं," म्हणाले. "ह्या घरात त्ये ऐकू येनारच न्हाई." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. "चलतो. भांडी बांधायची ऱ्हायलीत."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. इस्त्रीचा होता. घरात सगळं सामान बांधून पडलेलं असताना, शेजारच्या दारात यायला, या माणसानं कुठल्यातरी गाठोड्यातून इस्त्रीचा शर्ट शोधून काढून घातला होता. अण्णांना वाटत होतं, एकट्या त्यांचंच काहीतरी पणाला लागलंय. मलाही तसंच वाटत होतं. मला स्वतःचीच शिसारी आली.

"काका, बसा," मी म्हटलं. "एक मिनिट." दोघांच्या समोर मूठ उघडली, चिमटा बटणावर लावला, टेप मागं घेतली आणि चालू केली.

मला काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त त्यांची तोंडं बघत होते. भाषणाची जागा आली. अण्णांचा हात सवयीनं वर गेला, ओठही हलले, "मित्रांनो"पर्यंत ते टेपच्या बरोबर होते. मग ओठ थांबले. हात खाली आला. काका डोळे मिटून बसले होते, आणि मधे मधे मान हलवत होते, वर्गात मास्तर ओळखीचा धडा वाचतो तेव्हा मुलं हलवतात तशी.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "पुन्यांदा लाव."

मी पुन्हा लावली. अण्णांनी दाणा काढून टाकला होता. काकांनी एकट्यानं दोन्ही कानांत घालून ऐकलं, टाळ्या संपेपर्यंत.

"म्या बोल्लो हुतो," अण्णा म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे, जमिनीकडे बघत. "म्या खरंच... मला वाटायचं, म्या त्येच बोल्लो..."  ते इतकी वर्षं जाणूनबुजून खोटं बोलत होते, की ते दुसरं भाषण म्हणता म्हणता त्यांना खरं वाटायला लागलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारलंही नाही.

"बोल्लास त्याचा राग मला तवाच गेला हुता," काका म्हणाले. "तुझी पोरं ल्हान. तुझ्या जागी म्या असतो तर म्याबी ह्येच बोल्लो असतो. पन तू मला खोटा पाडलास. गावभर." ते वायर गुंडाळायला लागले. "माझी बायको तुझंच खरं मानायची. म्हनायची, तुमीच कायतरी केलं आसंल, उगंच कोन कुनाला कामावरनं काढतंय का. भांडन झालं की म्हनायची, न्हाई झालं तरी म्हनायची. दवाखान्यात खाटंवरबी म्हनाली."

अण्णांनी हात पुढे केला, मग मांडीवर ठेवला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू ऐकलंस न्हवं सगळं?"

"ऐकलं काका."

"नीट?"

"तीनदा ऐकलं. तुम्ही यायच्या आधी."

त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली, मग चिमट्याकडे. त्यांना कळलं. अण्णांनाही कळलं असावं.

"बरं झालं," काका म्हणाले. "एक तरी झालं मानूस, त्ये ऐकलेलं."

ते उठले. अण्णाही धडपडत उठले, "म्या येतो. भांडी बांधू लागतो."

काका दारात चपला घालत होते. मागं न बघता म्हणाले, "आज नगं." आणि बाहेर जाऊन आमचं दार त्यांनीच हळूच ओढून घेतलं.